सायकल टायर : मिश्र रस्त्यांसाठी रुंदीची निवड

एकाच प्रवासात डांबरी आणि खडीचे असे दोन्ही प्रकारचे रस्ते लागत असतील, तर सायकलीला किती रुंदीचा टायर बसवावा, हे सायकल व सायकलस्वार यांचे एकत्रित वजन, टायरमधील हवेचा दाब, खडीचा प्रकार आणि सायकलीच्या सांगाड्यात टायरसाठी असलेली मोकळी जागा यांवर अवलंबून असते. रिमवर बसवून हवा भरलेल्या टायरच्या दोन्ही बाजूंमधील सर्वांत जास्त अंतर म्हणजे त्याची रुंदी होय. शर्यतीच्या सायकलींना सामान्यतः २५ ते ३२ मिमी., मिश्र रस्त्यांवरील सायकलींना ३२ ते ५० मिमी. आणि डोंगरी पायवाटांवरील सायकलींना ५० ते ६५ मिमी. रुंदीचे टायर बसविलेले आढळतात. अरुंद व कडक टायर जलद धावतो आणि रुंद व मऊ टायर सायकलस्वाराला दमवितो, अशी समजूत दीर्घकाळ प्रचलित होती. गुळगुळीत पृष्ठभागापुरती ती काही अंशी खरी असली, तरी खडीच्या रस्त्यावर ती चुकीची ठरते. मिश्र रस्त्यासाठी टायर निवडताना होणाऱ्या बहुतेक चुका या समजुतीतूनच उद्‌भवतात.

इतिहास : बैलगाडीच्या चाकावर चढविलेल्या लोखंडी पट्टीला मराठीत ‘धाव’ म्हणतात. आरंभीच्या सायकलींची चाकेही अशीच लोखंडी धावेची होती. त्यानंतर भरीव रबराची धाव आली. हवा भरलेल्या टायरचे एकस्व (पेटंट) रॉबर्ट विल्यम टॉमसन यांनी १८४५ मध्ये मिळविले होते. पण ते घोडागाड्यांसाठी होते व लवकरच विस्मृतीत गेले. १८८८ मध्ये बेलफास्ट येथील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी असा टायर पुन्हा तयार केला. पुढच्याच वर्षी विल्यम ह्यूम यांनी बेलफास्टमधील शर्यती याच टायरांवर जिंकल्या, तेव्हा मऊ टायर वेगाला मारक नाही हे प्रथमच जाहीरपणे सिद्ध झाले. १८९१ मध्ये फ्रान्समधील मिशलँ बंधूंनी रिमवरून सहज काढता येणारा टायर आणला आणि त्याच वर्षी शार्ल तेराँ यांनी या टायरांवर पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस ही सु. १,२०० किमी. अंतराची शर्यत जिंकली. त्या काळी डांबरी रस्ते जवळजवळ नव्हतेच. आज ज्याला खडीचा रस्ता म्हणून वेगळे काढले जाते, तोच त्या वेळी सर्वसामान्य रस्ता होता.

सँतेत्येन येथील ‘वेलोसियो’ या टोपणनावाने लिहिणारे पॉल द व्हिव्ही (१८५३–१९३०) यांनी डोंगराळ भागातील दीर्घ प्रवासासाठी रुंद व कमी दाबाच्या टायरांचा आग्रहाने पुरस्कार केला. फ्रेंच पर्यटक सायकलस्वारांनी तो मानला. शर्यतीच्या क्षेत्रात मात्र डांबरीकरण जसजसे वाढत गेले, तसतसे टायर अरुंद होत गेले आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस २० ते २३ मिमी. रुंदी रूढ झाली. इंग्लंडमध्ये १९५५ मध्ये स्थापन झालेल्या ‘रफ स्टफ फेलोशिप’ या संस्थेचे सभासद डोंगरवाटांवर सायकली नेत राहिले. पण बाजारावर त्यांचा फारसा प्रभाव पडला नाही. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात एम्पोरिया येथे २००६ मध्ये खडीच्या रस्त्यांवरील २०० मैलांची शर्यत सुरू झाली. इटलीतील तस्कनी प्रांतात पांढऱ्या खडीच्या रस्त्यांवरून जाणारी ‘स्त्रादे बियांके’ ही शर्यत २००७ पासून भरू लागली. २०१० नंतर ‘ग्रॅव्हल’ या नावाने मिश्र रस्त्यांच्या सायकलींचा स्वतंत्र प्रकारच रूढ झाला व रुंदीचा प्रश्न पुन्हा चर्चेत आला. डांबरी रस्त्यावरील व्यावसायिक शर्यतींतही आता २८ ते ३२ मिमी. टायर वापरले जातात.

टायरचे कार्य : टायर जमिनीला जेथे टेकतो तेथे थोडा चपटा होतो. या चपट्या भागाचे क्षेत्रफळ मुख्यत्वे चाकावरील भार भागिले हवेचा दाब एवढे असते. रुंदीशी त्याचा थेट संबंध नसतो. उदा., मागील चाकावर ४८ किग्रॅ. भार असून दाब दर चौ. सेंमी. ला ६ किग्रॅ. असल्यास सु. ८ चौ. सेंमी. भाग जमिनीला टेकतो. दाब ३ किग्रॅ. केल्यास तो सु. १६ चौ. सेंमी. होतो. दाब सारखा असल्यास अरुंद टायरचा हा ठसा लांबट व रुंद टायरचा आखूड पण आडवा असतो. लांबट ठशात टायरच्या बाजू जास्त दबतात व वाकतात. त्यामुळे समान दाबाला अरुंद टायरचा लोटन-रोध उलट जास्तच असतो. व्यवहारात रुंद टायरमध्ये हवा कमी दाबाने भरतात आणि दोघांमधील फरक बराचसा मिटून जातो.

रुंद टायरमध्ये दाब कमी ठेवण्याचे कारण कवचावरील ताणात आहे. टायरच्या कापडी कवचावर पडणारा ताण दाब व टायरच्या छेदाची त्रिज्या यांच्या गुणाकाराएवढा असतो. २५ मिमी. टायरमध्ये ६ किग्रॅ. दाब असताना कवचाच्या दर सेंमी. लांबीवर ७·५ किग्रॅ. ताण पडतो, ५० मिमी. टायरमध्ये तेवढाच ताण ३ किग्रॅ. दाबालाच निर्माण होतो. अंगठ्याने दाबून पाहणाऱ्यास हे दोन्ही टायर जवळजवळ सारखेच कडक वाटतात. दुकानात पंप मारणारा सवयीने टायर दगडासारखा लागेपर्यंत हवा भरतो. रुंद टायरच्या बाबतीत ही सवय त्याचा सर्व गुणच घालविते, प्रसंगी टायर रिमवरून निसटण्यासही कारणीभूत होते.

सायकल चालविण्यास लागणारी शक्ती सपाट रस्त्यावर मुख्यतः हवेचा अवरोध व लोटन-रोध यांत खर्च होते. सायकल व स्वार यांचे वजन ८५ किग्रॅ. आणि वेग ताशी २० किमी. धरल्यास, चांगल्या डांबरी रस्त्यावर सर्वसाधारण टायरच्या लोटन-रोधासाठी (गुणांक ०·००६) सु. २८ वॉट आणि हवेच्या अवरोधासाठी, ताठ बसलेल्या स्वाराच्या बाबतीत, सु. ५० वॉट लागतात. भुसभुशीत खडीवर हा गुणांक सहज दुप्पट होतो व लोटन-रोधच ५५ वॉटच्या पुढे जातो. ही आकडेवारी नमुन्यादाखल असली, तरी खडीवर शक्ती वाया जाते ती कोठे याची दिशा तीवरून कळते.

या ठिकाणी प्रयोगशाळेने दीर्घकाळ दिशाभूल केली, असेच म्हणावे लागते. टायरचा रोध मोजण्याची नेहमीची रीत म्हणजे तो गुळगुळीत पोलादी पिंपावर भाराखाली फिरविणे. अशा पिंपावर दाब जितका वाढवावा तितका रोध कमी होत जातो, आणि त्यावरून ‘जितका कडक तितका जलद’ हा निष्कर्ष निघाला. पिंपावर खडी नसते. त्याचप्रमाणे टायरवर माणूस बसलेला नसतो, असतो तो निर्जीव भार. प्रत्यक्ष रस्त्यावर कडक टायर प्रत्येक दगडावर सायकलीला वर उचलतो. ही ऊर्जा पुढे जाण्याच्या गतीतूनच घेतली जाते. स्वाराचे स्नायू, पोट व इतर मऊ भाग हादरतात आणि या हादऱ्यांतील ऊर्जा शरीरात उष्णतेच्या रूपाने लोप पावते. या हानीस निलंबन-हानी म्हणतात. २००० नंतरच्या दशकात अमेरिकेतील ‘बायसिकल क्वार्टर्ली’ या नियतकालिकाचे संपादक यान हाइन व त्यांचे सहकारी यांनी पिंपाऐवजी प्रत्यक्ष रस्त्यावर आणि महामार्गाच्या कडेच्या खरबरीत पट्ट्यांवर स्वारासह चाचण्या घेतल्या. खडबडीत पृष्ठभागावर ही हानी फार मोठी असते आणि दाब एका मर्यादेपलीकडे वाढविल्यास एकूण रोध घटण्याऐवजी वाढतो, असे त्यांत आढळून आले. रस्ता जितका खडबडीत तितकी ही मर्यादा खाली येते. दाब खाली आणावयाचा तर रिमचे रक्षण करण्यासाठी टायरमध्ये हवेची पुरेशी उंची हवी, आणि उंची हवी तर रुंदी हवी. खडीसाठी रुंद टायर लागतो तो या साखळीमुळे. रुंदी हे दाब उतरविण्याचे साधन आहे.

हादऱ्यांचा परिणाम वेगापुरता मर्यादित नाही. तळहाताच्या करंगळीकडील बाजूने जाणारी अल्नर तंत्रिका हँडलवर सतत दाबली व हादरविली गेल्यास करंगळी व अनामिका बधिर होतात. दीर्घ प्रवासानंतर बोटांची पकड काही दिवस क्षीण राहिल्याची उदाहरणे वैद्यकास परिचित आहेत. उतारावर ब्रेक दाबणारी बोटे हीच असल्याने हा प्रश्न सुरक्षिततेचाही आहे. शिवाय उसळणारे चाक क्षणभर जमीन सोडते आणि त्या क्षणी त्याला ना ब्रेक लागतो ना वळण घेता येते. रुंद टायर खडीवर जास्त ‘पकड’ देतो असे म्हटले जाते, त्यात मुख्य भाग चाक जमिनीला सतत टेकलेले राहण्याचा आहे.

दाब : अमेरिकन अभियंते फ्रँक बर्टो यांनी सुचविलेला एक सोपा निकष असा की, स्वार बसल्यावर टायरची उंची सु. १५ टक्क्यांनी कमी व्हावी. म्हणजे ४० मिमी. उंचीचा टायर ६ मिमी. दबावा. एकत्रित वजन ८५ किग्रॅ. असल्यास मागील चाकाच्या २८ मिमी. टायरमध्ये दर चौ. सेंमी. ला सु. ५ किग्रॅ. (सु. ७० पाउंड), ३२ मिमी. टायरमध्ये सु. ४ किग्रॅ., ३८ मिमी. टायरमध्ये सु. ३ किग्रॅ. (सु. ४३ पाउंड) आणि ४७ मिमी. टायरमध्ये २ ते २·२ किग्रॅ. (सु. ३० पाउंड) दाब योग्य ठरतो. पुढच्या चाकावर भार कमी असल्याने तेथे दाब सु. एकदशांशाने कमी ठेवतात. हे आकडे आरंभबिंदू म्हणूनच घ्यावेत. टायरच्या बाजूवर छापलेला कमाल व किमान दाब मात्र ओलांडू नये. ज्या रिमच्या कडांना आतून आकडीसारखा वळ नसतो, अशा रिमवर ५ बार (सु. ७३ पाउंड) ही कमाल मर्यादा मानली जाते, तीहून जास्त दाबाला टायर सुटून अपघात होऊ शकतो.

दाब फार कमी झाल्यास दगडावर आदळताना टायर पूर्ण चेपतो, ट्यूब दगड व रिमच्या कडा यांमध्ये चिमटली जाते आणि तिला शेजारी शेजारी दोन भोके पडतात. असे पंक्चर झाल्यास दाब वाढवावा किंवा अधिक रुंद टायर घ्यावा, एवढाच त्याचा अर्थ. ट्यूबरहित टायरमध्ये चिमटण्याचा प्रश्न बव्हंशी नाहीसा होतो आणि आत घातलेला द्रव लहान भोके आपोआप बुजवितो. त्यामुळे आणखी थोडा कमी दाब ठेवता येतो. पंपावरील दाबमापकाकडेही लक्ष हवे. ०·३ किग्रॅ. ची चूक ६ किग्रॅ. दाबाला नगण्य असते, २ किग्रॅ. दाबाला ती पंधरा टक्के होते.

खडीचे प्रकार : ‘खडीचा रस्ता’ या एका नावाखाली अत्यंत भिन्न पृष्ठभाग येतात. तस्कनीतील पांढरे रस्ते चुनखडीयुक्त व वापराने घट्ट झालेले आहेत. कोरड्या हवेत ते बऱ्याच ठिकाणी जुन्या डांबरी रस्त्याइतके कठीण लागतात. सीएना येथे संपणाऱ्या शर्यतीचा सु. एक तृतीयांश मार्ग खडीचा असूनही व्यावसायिक स्पर्धक २८ ते ३२ मिमी. टायरांवर ती पार पाडतात. कॅन्ससच्या फ्लिंट हिल्स या टेकड्यांचे चित्र उलट आहे. तेथील रस्त्यांवर गारगोटीचे धारदार तुकडे सुटे पडलेले असतात आणि ते टायरच्या पातळ बाजू कापतात. त्या शर्यतीत ४० मिमी. व त्याहून रुंद, बाजूंना मजबुती दिलेले टायर सर्रास वापरले जातात. अलीकडे काही स्पर्धक ५० मिमी. च्याही पुढे गेले आहेत. एका ठिकाणचा यशस्वी अनुभव दुसऱ्या ठिकाणी जसाच्या तसा लागू पडत नाही, तो यामुळे.

महाराष्ट्रात दबलेल्या मुरमाचा रस्ता कोरड्या ऋतूत तस्कनीतील रस्त्याच्या जवळ जातो व ३५ मिमी. टायर त्यावर सुखाने चालतो. रस्त्याच्या कामासाठी पसरलेली पण अद्याप पुरती न दबलेली बेसाल्टची खडी ही मात्र सर्वांत वाईट. तिचे तुकडे चाकाखाली सरकतात व फिरतात, आणि तीवर ४५ मिमी. रुंदीही कमीच वाटते. भुसभुशीत मातीत व वाळूत रुंदीचा लाभ निराळ्या कारणाने होतो : टायर जमिनीवर साधारणपणे आपल्या आतील दाबाइतकाच दाब टाकतो, म्हणून ५ किग्रॅ. दाबाचा टायर जेथे रुततो तेथे २ किग्रॅ. दाबाचा तरून जातो. बैलगाडीच्या अरुंद लोखंडी धावा खडीचे रस्ते कापत असत, तेही याच कारणाने. कोकणात जांभ्याच्या रस्त्यांवर पावसाळ्यात शेवाळ धरते. तेथे घसरण्याचा धोका रुंदीने फारसा टळत नाही, वेग कमी करणे हाच उपाय. काळ्या मातीच्या चिखलात तर रुंद टायर उलट अडचणीचा होतो. माती टायरला चिकटून चिमट्यात व मडगार्डात गच्च बसते आणि चाक फिरेनासे होते. विदर्भ–मराठवाड्यातील शेतरस्त्यांवर पावसाळ्यात सायकल खांद्यावर घेण्याचे प्रसंग येतात ते यामुळेच.

निवडीचा हिशेब : मार्गाचा किती भाग खडीचा आहे हे बहुतेक लोक अंतरावरून ठरवितात. ३० किमी. मार्गापैकी २० किमी. डांबरी व १० किमी. खडीचा असल्यास रस्ता मुख्यतः डांबरी आहे, तेव्हा टायरही डांबरी रस्त्याचाच हवा, असे म्हटले जाते. पण डांबरावर ताशी २४ किमी. व खडीवर ताशी १२ किमी. वेग धरला, तर दोन्ही भागांना प्रत्येकी ५० मिनिटे लागतात. म्हणजे अर्धा प्रवास खडीवरच होतो. पंक्चर, घसरणे, हात बधिर होणे हे प्रसंगही मुख्यतः याच अर्ध्या भागात येतात. उलट बाजूने पाहता, डांबरावर ३८ किंवा ४० मिमी. चा लवचिक व गुळगुळीत टायर २८ मिमी. टायरच्या तुलनेत सामान्य वेगाला फारच थोडी शक्ती जास्त घेतो. दोन्ही टायर मिळून ४०० ग्रॅम वजन वाढले, तरी ते ८५ किग्रॅ. च्या अर्ध्या टक्क्याहून कमी भरते. ताशी ३० किमी. च्या पुढे मात्र रुंद टायरचा हवेतील अवरोध जाणवू लागतो, आणि शर्यतीतील स्पर्धकास तो महत्त्वाचा असतो. सर्वसामान्य स्वाराने निवड करताना खडीच्या भागाला झुकते माप द्यावे हे श्रेयस्कर, आणि खडीच्या भागातही सरासरी रस्ता पाहण्यापेक्षा टाळता न येणारा सर्वांत वाईट तुकडा पहावा.

या विचाराने तुरळक व घट्ट खडीच्या मार्गास ३२ ते ३५ मिमी., निम्म्याच्या आसपास खडी असलेल्या मार्गास ३८ ते ४२ मिमी. आणि सुट्या व मोठ्या खडीच्या किंवा सामान लादलेल्या प्रवासास ४५ ते ५० मिमी. रुंदी उचित होय. स्वार हलका असल्यास यात ३-४ मिमी. ने घट करण्यास हरकत नाही. भारी असल्यास तितकीच वाढ करावी. काही जण पुढे रुंद व मागे किंचित अरुंद टायर बसवितात. पुढचे चाक घसरल्यास स्वार बहुधा पडतोच, मागचे घसरल्यास तोल सावरता येतो, हे त्यामागील कारण. बहुतेक सांगाड्यांत मागे जागाही कमी असते.

मर्यादा : सांगाडा व चिमटा यांपासून टायरला प्रत्येक बाजूस निदान ६ मिमी. मोकळी जागा हवी. एवढी जागा नसल्यास अडकलेला लहानसा दगडही सांगाडा खरवडतो किंवा चाक एकदम थांबवितो. शर्यतीच्या जुन्या सायकलींवरील रिमला पकडणाऱ्या ब्रेकांखाली साधारणपणे २५ ते २८ मिमी. टायरच मावतो, चकती ब्रेकांच्या प्रसारामुळे ही अडचण दूर झाली व रुंद टायरांचा मार्ग मोकळा झाला. रिमही टायरला साजेशी हवी. अरुंद रिमवर रुंद टायर कमी दाबाला वळणावर डुलतो, ४० मिमी. टायरसाठी रिमची आतील रुंदी २१ ते २५ मिमी. असणे चांगले. रिमची आतील रुंदी १ मिमी. ने वाढल्यास टायरची मोजलेली रुंदी सु. ०·४ मिमी. ने वाढते. म्हणून छापील आकड्यावर न विसंबता बसविलेला टायर मोजून पहावा. सांगाड्यात उंचीची जागा कमी असेल तर चाकच लहान घेण्याचा मार्ग असतो. ६२२ मिमी. रिमवरील २८ मिमी. टायर आणि ५८४ मिमी. रिमवरील ४७ मिमी. टायर यांचा बाहेरील व्यास नेमका सारखा, ६७८ मिमी., येतो, मात्र चकती ब्रेक नसल्यास हा बदल करणे अवघड असते.

मापे : टायरवर छापलेल्या जुन्या इंची मापांनी जितका घोटाळा केला आहे तितका क्वचितच दुसऱ्या कशाने केला असेल. ‘२८ इंच’ या नावाखाली ६३५ मिमी. आणि ६२२ मिमी. अशा दोन भिन्न रिमांचे टायर येतात; ते परस्परांच्या जागी बसत नाहीत. ‘२६ इंच’ नावाचे तर अनेक प्रकार आहेत : २६ × १ ३/८ ची रिम ५९० मिमी., २६ × १ १/२ ची ५८४ मिमी. आणि २६ × १·९५ ची ५५९ मिमी. व्यासाची असते. आंतरराष्ट्रीय पद्धतीत रुंदी व रिमचा व्यास मिमी. मध्ये देतात, उदा., ४०–६२२. टायर घेताना दुसरा आकडा रिमवरील आकड्याशी तंतोतंत जुळला पाहिजे. पहिल्यात फेरफार करता येतो.

भारतातील दूधवाले, टपालवाले व शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या वापरत आलेल्या काळ्या उभ्या सायकलीचा टायर २८ × १ १/२, म्हणजे ४०–६३५, या मापाचा असतो. ती ज्या काळात घडली त्या काळातील बहुतेक रस्ते खडीचे व मातीचे होते. पाश्चात्त्य देशांत अलीकडे मिश्र रस्त्यांसाठी पसंत केली जाणारी ४० मिमी. रुंदी या सायकलीत प्रथमपासूनच होती. तिचा टायर जड चालतो तो रुंदीमुळे नव्हे, तर जाड व ताठ कवचामुळे, आणि बहुधा त्यात गरजेपेक्षा जास्त भरलेल्या हवेमुळे. शंभर किलोचे ओझे लादावयाचे असल्यास असे कवच व असा दाब योग्यच होय. एकट्या स्वारासाठी दाब कमी केल्यास याच सायकलीवर खडीचा रस्ता पुष्कळ सुसह्य होतो. नव्या पद्धतीच्या ६२२ मिमी. रिमचे रुंद टायर मोठ्या शहरांबाहेर सहज मिळत नाहीत, तर ४०–६३५ तालुक्याच्या बाजारात मिळतो. लांबच्या प्रवासाला निघणाऱ्याने ही गोष्टही विचारात घ्यावी, किंवा एक घडीचा टायर बरोबर बाळगावा.

कवच व नक्षी : सारख्याच रुंदीच्या दोन टायरांत कवचामुळे पडणारा फरक रुंदीतील ५ मिमी. च्या फरकाहून मोठा असू शकतो. बारीक धाग्यांचे पातळ कवच सहज वाकते व कमी ऊर्जा खाते, पण धारदार खडीने लवकर कापले जाते. पंक्चररोधक पट्टा घातलेले जाड कवच टिकते, पण जड चालते. टायरवरील नक्षीला मात्र वाजवीपेक्षा जास्त महत्त्व दिले जाते. ओल्या डांबरावर पाणी बाजूला सारण्यासाठी मोटारीच्या टायरला खाचा लागतात. सायकलीचा टायर इतका अरुंद व गोल असतो आणि तिचा वेग इतका कमी असतो की, तो पाण्यावर तरंगत नाही. घट्ट खडीवरही गुळगुळीत किंवा बारीक नक्षीचा टायर पुरतो. सुट्या खडीच्या वळणांवर व चढावर बाजूंना उठावदार गुठळ्या असलेला टायर उपयोगी पडतो. मध्यभाग गुळगुळीत ठेवल्यास डांबरावरील घरघर व झीज कमी होते. चिखलासाठी दूर दूर बसविलेल्या उंच गुठळ्या लागतात. डांबरावर त्या लवकर झिजतात आणि ओल्या वळणावर वाकून अनपेक्षितपणे घसरतात. [⟶ टायर, सायकल].